बाबांचा आजार लेकीकडे जातो का?

ताई,

माझे यजमान 41 वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, मग डाव्या पायात मुंग्या. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान झालं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषध चालू आहे, नोकरीवर जातात, पण उन्हाळ्यात फार थकतात. सासूबाई म्हणतात, हा बायकांचा आजार, माझ्या मुलाला कसा झाला, आमच्या घराण्यात तर कुणालाच नाही. मला 12 वर्षांची मुलगी आणि 7 वर्षांचा मुलगा आहे. माझ्या भावाने मोबाईलवर एक माहिती पाठवली. त्यात होतं की वडिलांना एमएस असेल तर तो मुलांमध्ये आईपेक्षा दुपटीने उतरतो. तेव्हापासून मला झोप नाही. त्यात धाकट्या नणंदेचं जमत आलेलं लग्न अडलं. मुलाकडचे म्हणतात, आधी जनुकीय तपासणी करून आणा. परवा मुलीने मला विचारलं, "आई, बाबांसारखं मलापण होणार का?" मी काहीच न बोलता उठून स्वयंपाकघरात गेले. मी तिला काय सांगू?

– एक आई, सांगली

*

तुम्ही उठून गेलात याचा मनाला फार त्रास करून घेऊ नका. त्या क्षणी खोटं बोलण्यापेक्षा ते बरंच होतं. पण मुलीला उत्तर द्यायचं आहे, आणि ते खरं द्यायचं आहे. त्यासाठी तुमच्या मनातला गुंता आधी सुटायला हवा. तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एमएस बायकांना जास्त होतो का, हा एक. आणि तो आईकडून जास्त उतरतो की वडिलांकडून, हा दुसरा. सासूबाई पहिल्याबद्दल बोलतायत, भावाने पाठवलेली माहिती दुसऱ्याबद्दल आहे. पहिल्याचं उत्तर ठाम आहे. दुसऱ्याचं तसं नाही, आणि तुमची झोप नेमकी त्या दुसऱ्यानेच उडवली आहे.

पहिला प्रश्न आधी घेऊ. हो, एमएस बायकांना जास्त होतो. आज बहुतेक देशांत एका पुरुषामागे दोन ते तीन बायका असं प्रमाण दिसतं. म्हणजे दर तीन-चार रुग्णांत एक पुरुष असतोच. तुमचे यजमान काही जगावेगळे नाहीत, हे सासूबाईंना जरूर सांगा. मला तर वाटतं, हे त्यांच्यापेक्षा तुमच्या यजमानांनी ऐकायची गरज जास्त आहे. 'बायकांचा आजार' हा शब्द कानावर पडला की पुरुष गप्प होतो, थकवा लपवतो, डॉक्टरांना अर्धंच सांगतो. पुरुषांमध्ये हा आजार थोडा उशिरा सुरू होतो आणि अनेकदा जास्त वेगाने वाढतो, म्हणून त्यांनी गप्प बसणं परवडणारं नाही. सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणारा जो प्रकार आहे, त्यात तर स्त्री-पुरुष जवळजवळ सारखेच आढळतात.

बायकांमध्ये जास्त का? इथे बऱ्याच जणांची अशी समजूत असते की बायकांकडे दोन एक्स गुणसूत्रं, म्हणजे आजाराचं बीज एक्सवर असणार. तसं नाही. 2019 मध्ये जगभरातल्या संशोधकांनी मिळून 47 हजारांवर एमएस रुग्ण आणि 68 हजारांवर निरोगी माणसं यांची जनुकं तुलना करून पाहिली. आजाराशी संबंध असलेल्या 233 जागा सापडल्या. त्यातली एक्स गुणसूत्रावर किती? फक्त 1. बाकीच्या सगळ्या ज्या गुणसूत्रांवर आहेत ती स्त्री-पुरुष दोघांकडे सारखीच असतात. शिवाय बाप मुलाला एक्स देतच नाही, वाय देतो, तरीही बापाला आणि मुलाला दोघांनाही एमएस झाल्याची कुटुंबं आहेत. म्हणजे हिमोफिलिया जसा आईकडून मुलाकडे जातो, तसा हा आजार ठरलेल्या वाटेने चालत नाही. थॅलेसेमिया किंवा सिकल सेलसारखाही नाही, की आईबाप दोघांची तपासणी केली आणि चारात एक असा हिशोब मांडला.

जनुकं सारखी असली तरी शरीर वेगळं आहे. लहान वयात, पाळी यायच्या आधी, एमएस झालेल्या मुला-मुलींची संख्या जवळपास सारखी असते. वयात आल्यावर मुलींचं पारडं जड होतं. 1998 मध्ये युरोपातल्या 12 देशांत 254 गरोदर रुग्ण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यांचे आजाराचे झटके खूप कमी झाले आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत एकदम वाढले. संप्रेरकं आणि प्रतिकारशक्ती यांचं एकमेकांशी काहीतरी घट्ट नातं आहे, हे यातून दिसतं. बायकांच्या दोन एक्सपैकी एक एरवी झोपलेला असतो, पण त्याच्यावरची काही जनुकं पूर्ण झोपत नाहीत, त्याचाही हात असावा असं प्रयोगशाळेतलं काम सांगतं.

एक गोष्ट मला इथे फार महत्त्वाची वाटते. कॅनडातल्या रुग्णांची जन्मवर्षांप्रमाणे मोजणी करून 2006 मध्ये एक अभ्यास आला. 1930 च्या दशकात जन्मलेल्यांमध्ये एका पुरुषामागे साधारण दोन बायका होत्या. 1970 च्या दशकाच्या शेवटी जन्मलेल्यांमध्ये तीनहून जास्त. चाळीस-पन्नास वर्षांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. बदललं ते जगणं, आणि त्या बदलाचा फटका बायकांना जास्त बसला. म्हणजे या आजारात जे काही रक्तातून येतं, त्याच्यावर बाहेरचंही काहीतरी चढतं.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या भावाने पाठवलेली माहिती खोटी नाही, फक्त अर्धी आहे. अर्धी माहिती माणसाला किती छळते हे तुम्ही अनुभवताच आहात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सेड्रिक कार्टर नावाचे इंग्रज आनुवंशिकतातज्ज्ञ होते. लंडनमध्ये ते तान्ह्या बाळांच्या एका आजाराचा अभ्यास करत होते. त्यात जठराचं तोंड आवळतं आणि बाळ सारखं जोरात उलटी करतं. हा आजार मुलग्यांना मुलींपेक्षा चार-पाच पटीने जास्त होतो. कार्टरांच्या लक्षात आलं की ज्या बायकांना लहानपणी हा आजार झाला होता, त्यांच्या पोटच्या मुलांना तो होण्याचं प्रमाण, तसाच आजार झालेल्या बापांच्या मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. वरवर हे उलटं वाटतं, पण त्यामागचं कारण सरळ आहे.

तुम्ही सांगलीच्या आहात, कृष्णेचा पूर तुम्हाला सांगायला नको. समजा, नदीकाठी दोन वस्त्या आहेत. एकीचा बांध बुटका, दुसरीचा उंच. बुटक्या बांधावरून थोड्या पाण्यातही पूर आत शिरतो. उंच बांधाच्या वस्तीत पाणी शिरलं तर समजायचं, नदीला पाणी फारच आलं होतं. एमएसच्या बाबतीत बायकांचा बांध बुटका, पुरुषांचा उंच. म्हणून एखाद्या पुरुषाला एमएस होतो तेव्हा त्याच्या जनुकांमध्ये धोक्याचा साठा सरासरीने जास्त असणार, आणि त्यातला निम्मा तो मुलांना देणार. त्यातही मुलीचा बांध बुटका, त्यामुळे बाधित बापाच्या लेकींना धोका सर्वांत जास्त, असं हे गणित. यालाच कार्टर परिणाम म्हणतात.

2006 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी एमएससाठी हे गणित तपासलं. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला एमएस असलेली 441 मुलं त्यांनी पाहिली, त्यातल्या 45 जणांना एमएस होता, आणि वडिलांकडून उतरण्याचं प्रमाण आईच्या दुपटीहून थोडं जास्त निघालं. तुमच्या भावाने पाठवलं ते हेच असणार.

आता 441 मध्ये 45 म्हणजे दहा टक्के, हे वाचून पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण त्यांनी निवडलेली कुटुंबं अशी होती, ज्यांत आधीच एकाहून जास्त रुग्ण होते. फक्त पूर आलेल्या गावांत फिरून 'पाऊस किती वेळा पूर आणतो' असं विचारलं तर उत्तर फुगूनच येणार. तुमच्या घरात तुमच्या यजमानांशिवाय कुणालाच नाही, असं सासूबाई स्वतःच सांगतायत. त्या बिचाऱ्या तक्रार म्हणून सांगतायत, पण तुमच्यासाठी ती चांगली बातमी आहे.

आणि लगेच पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, कॅनडातून दुसरा अभ्यास आला. तो देशभरातल्या रुग्णनोंदींवर आधारलेला होता आणि त्यात तीन हजारांवर कुटुंबं होती. तिथे आईकडून आणि वडिलांकडून उतरण्याचं प्रमाण सारखंच आलं. कार्टर परिणाम दिसला नाही. त्याही आधी, 2004 मध्ये, त्याच देशात सावत्र भावंडांचा अभ्यास झाला होता. आई एक आणि वडील वेगळे अशा भावंडांमध्ये धोका 2.35 टक्के, तर वडील एक आणि आई वेगळी अशांमध्ये 1.31 टक्के. म्हणजे तिथे काटा आईकडे झुकला, वडिलांकडे नाही. अशी एकमेकांना छेद देणारी तीन उत्तरं समोर असताना 'बाबांकडून दुपटीने' हे एकच वाक्य उचलून त्यावर रात्री जागवू नका. यात खरोखर मोठा फरक असता, तर तो प्रत्येक अभ्यासात एकाच बाजूला दिसला असता.

मग तुमच्या मुलांना धोका किती? आई-वडिलांपैकी एकाला एमएस असेल तर त्यांच्या अपत्याला आयुष्यभरात तो होण्याची शक्यता साधारण 2 टक्के धरतात. मुलीला त्याहून थोडी जास्त, मुलाला थोडी कमी. हे आकडे युरोप आणि कॅनडातले आहेत, जिथे हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतो. 2 टक्के म्हणजे तुमच्यासारख्या घरांतली शंभर मुलं ओळीने उभी केली तर त्यातल्या अठ्ठ्याण्णव जणांना हा आजार कधीच होत नाही. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. इतरांपेक्षा तो काही पटींनी जास्त आहे हे खरंच. पण मुळात छोटी असलेली गोष्ट काही पट झाली तरी छोटीच राहते.

जुळ्यांचं उदाहरण मी भेटायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला देते. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुकं शंभर टक्के सारखी असतात. त्यातल्या एकाला एमएस असेल तर कॅनडातल्या पाहणीत दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण चारात एक इतकं होतं. चारातल्या तिघांना सगळी जनुकं तीच असूनही झाला नाही! तुमच्या लेकीकडे तर बाबांची निम्मीच जनुकं आहेत, उरलेली निम्मी तुमची.

जनुकांचा हात आहे याबद्दल मात्र शंका नको. मुंबईत याचा एक दाखला आहे. डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्यासारख्या न्यूरोलॉजिस्टांनी 1980 ते 90 च्या सुमारास पारशी समाजात पाहणी केली, तेव्हा त्याच शहरातल्या इतर लोकांच्या मानाने पारशांमध्ये एमएस कितीतरी जास्त आढळला. दत्तक मुलांचा अभ्यासही तेच सांगतो. एमएसच्या रुग्णासोबत एका घरात वाढलेल्या, पण रक्ताचं नातं नसलेल्या माणसांना धोका चारचौघांइतकाच निघाला. तुमच्या घरात कुणी बाबांचं ताट-पेला वेगळा ठेवत असेल तर आजच ते बंद करा. हा आजार उष्ट्याने होत नाही.

नणंदेच्या तपासणीचं सांगते, कारण यात पैसाही जाईल आणि हाती काही लागणार नाही. 'एमएस होणार की नाही' हे सांगणारी कोणतीही जनुकीय तपासणी आज अस्तित्वात नाही. कुणी तशा नावाने पॅकेज विकत असेल तर ते घेऊ नका. या आजाराशी सर्वांत जास्त संबंध असलेलं एचएलए या प्रतिकारशक्तीच्या जनुकाचं जे रूप आहे, ते उत्तर युरोपातल्या दर चार माणसांत साधारण एकाकडे असतं, आणि त्यातल्या जवळजवळ कुणालाच एमएस होत नाही. तपासणीत ते सापडलं तर मुलाकडचे घाबरणार, नाही सापडलं तरी खात्री नाहीच. नणंदेला भाऊ रुग्ण असल्यामुळे जो धोका आहे तो दोन-तीन टक्क्यांच्या घरातला आहे, आणि तिला होणाऱ्या मुलांचा त्याहूनही कमी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची नोंद न विचारता आपण शेकडो लग्नं जमवतो, आणि त्या आजारांचा कौटुंबिक धोका याहून कितीतरी मोठा असतो. मला राग येतो तो याचा. आजार भावाला, आणि हिशोब मागतात बहिणीकडे.

तरीही लपवू नका असंच मी सांगेन. लग्नानंतर कळलं तर विश्वास तुटतो. मुलाकडच्यांची तयारी असेल तर तो मुलगा आणि नणंद, दोघांनी मिळून तुमच्या यजमानांच्या न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्यावी आणि सगळं समोरासमोर विचारावं. मधे मध्यस्थ नको, मोबाईलवरची माहितीही नको. आणि एवढं ऐकूनही जे घर 'नाही' म्हणेल, तिथे उद्या नणंद तापाने आठ दिवस झोपली तर काय होईल, याचा विचार तुम्ही सगळ्यांनी करा.

मुलांसाठी आत्ता काय करायचं? एमआरआय नको. लक्षणं नसलेल्या मुलाच्या डोक्याचा फोटो काढून चिंता विकत घेण्यात अर्थ नाही. पण बाहेरून चढणाऱ्या काही गोष्टी माहीत आहेत. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती सुटायलाच हवी, धूर दुसऱ्याच्या छातीत गेला तरी धोका वाढतो. वयात येताना वजन फार वाढलं तर, विशेषतः मुलींमध्ये, एमएसचा धोका वाढतो असं दिसलं आहे. तुमची लेक नेमकी त्याच वयात आहे, तेव्हा तिचं मैदान, सायकल, पोहणं शाळेच्या अभ्यासापायी बंद करू नका. पण तिच्या ताटावर पहाराही ठेवू नका. ड जीवनसत्त्व कमी असणं आपल्याकडे घरोघरी आहे. बालरोगतज्ज्ञांना विचारून ते तपासा आणि लागलं तर त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या. 2022 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीच्या आसपास लोकांच्या नोंदींवरून असं कळलं की एपस्टीन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका 32 पटींनी वाढतो. हे वाचूनही घाबरू नका. हा विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या शरीरात असतो, तो टाळणं आपल्या हातात नाही, आणि त्यातल्या अगदी थोड्यांनाच एमएस होतो.

पुढे कधी, पंचविशी-तिशीत, दोघांपैकी कुणाच्या एका डोळ्याची नजर दुखून अंधुक झाली, दोन-दोन दिसलं, किंवा हातापायाचा बधिरपणा एक दिवसाहून जास्त टिकला, तर 'होईल बरं' म्हणून थांबायचं नाही. घरात कुणाला एमएस आहे हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं. तुमच्या मुलांना मिळणारा हा एक फायदाच समजा. ज्यांच्या घरात हा आजार माहीत नाही, त्यांची निदानापर्यंत पोचण्यात वर्षं जातात.

यजमानांसाठी एक. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाचं काम मुंबईत 1985 पासून चालू आहे, पुण्यालाही शाखा आहे. तिथे त्यांना हाच आजार असलेले पुरुष भेटतील, आणि त्यांच्याशी ते जे बोलतील ते तुमच्याशी किंवा आईशी बोलणार नाहीत. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यातही या आजाराची नोंद आहे. पुढेमागे कामावर सवलत मागायची वेळ आली तर ते उपयोगी पडेल.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. बाबा उन्हातून आल्यावर भिंत धरून चालतात हे ती रोज बघते. त्यामुळे तिला 'काही होत नाही गं' असं सांगितलंत तर ती त्यावर विश्वास ठेवणार नाही आणि पुन्हा विचारणारही नाही. निवांत वेळ बघून तुम्हीच विषय काढा, आणि जमलं तर बाबांनाही शेजारी बसवा. असं सांगून बघा:

"त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी उठून गेले. आता मी विचारून घेतलंय. बाबांसारखं तुला होण्याची शक्यता अगदी थोडी आहे. शंभर मुलींमधल्या दोन-तीन जणींना होऊ शकतं, बाकीच्यांना नाही. तू काही चुकीचं केलंस म्हणून ते होत नाही, आणि बाबांनी तुला दिलं असंही नाही. पुढे कधी काही वेगळं वाटलं तर मला लगेच सांगायचं, आपण डॉक्टरांकडे जाऊ. आता याची औषधं आहेत, बाबा घेतात ना, तशी."

त्यानंतर ती काय विचारते ते ऐका. माझ्या अनुभवात मुलांचा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा स्वतःबद्दल नसतो. ती विचारेल, "बाबा बरे होणार का?" त्याचं उत्तर बाबांनाच देऊ द्या.